पाणथरीची राखण

सिस्टर एनेलेसी माक्विंजाला दवाखान्यात तिच्या नावाने कोणी हाक मारत नसे. झाडूवाल्यापासून स्वयंपाकघरातल्या बायकांपर्यंत सगळे तिला दिकिरानी म्हणत. आमच्या बोलीत दिकिरानी म्हणजे थांबा. हा शब्द ती दिवसातून चाळीस वेळा तरी उच्चारायची, आणि त्यात विनंतीचा सूर औषधालाही नसायचा. मार लागलेल्या माणसाला उचलायला चार हात पुढे झाले की, थांबा. तहानलेल्या पेशंटच्या ओठांना नातेवाइकांनी पेला लावला की, थांबा. एकदा राजधानीतून तपासणीला आलेला मोठा साहेब चिखलाच्या बुटांनी सरळ वॉर्डात शिरत होता. त्यालाही तिने दारात हात आडवा करून थांबवलं. साहेबाने निमूटपणे बूट पुसले.

तिच्या ॲप्रनच्या खिशात शिंप्याची पिवळी टेप असायची. पोटाला मार लागलेला पेशंट आला की ती बेंबीच्या वर पेनाने दोन खुणा करायची, दर तासाला त्याच खुणांवरून टेप फिरवायची, नाडी मोजायची, पोटावर हात ठेवायची आणि सगळं भिंतीवरच्या फळ्यावर लिहायची. आमच्याकडे लोकांना इलाज डोळ्यांनी दिसावा लागतो. टाके दिसले की समाधान, पट्टी मोठी असली की अजून समाधान. ही बाई नुसती मोजत बसते, म्हणून मागे बरंच बोललं जायचं. तिला ते ठाऊक होतं आणि त्याची तिला काडीची पर्वा नव्हती.

ती निवृत्त व्हायला एक पावसाळा उरला होता, तेव्हाची ही गोष्ट.

आंबे आमच्याकडे पावसाळ्यात पिकतात, आणि ते दिवस वाईट असतात. मक्याची कोठारं तळाला गेलेली, शेतातला नवा मका गुडघ्याएवढा, आणि मधले दोन महिने पोरं आंब्यांवर दिवस काढतात. खालच्या फांद्या रिकाम्या झाल्या की वरच्या धरतात. तालांदिरा तर कोणी वर पाहायच्या आत शेंड्याला पोचलेली असायची. बारा वर्षांची, काटकुळी, आणि तोंडाची इतकी फटकळ की शाळेतले मास्तर तिला टरकून असत. आई जोहान्सबर्गला लोकांच्या घरी कामाला, त्यामुळे ती आजीजवळ वाढत होती. आमच्याकडे आजी म्हणजे गोगो, आणि तिला सारं गाव गोगोच म्हणे. त्या दिवशी फांदी मोडली, ताला खाली आली, आणि खालचा दगड तिच्या डाव्या कुशीत बसला.

मामाने तिला सायकलच्या कॅरियरवर बसवून आणलं. हा बिझिवेकमामा सायकलवरून सवाऱ्या पोचवायचा. कॅरियरवर लाल गादी, दांड्याला झालर, चाकांत रंगीत मणी. आमच्याकडे घराण्याचा शब्द आईच्या भावाचा. बहिणींचं, भाच्यांचं बरंवाईट तोच ठरवतो, आणि हा मामा ते जरा जास्तच मनावर घेणारा होता.

"कुठे दुखतंय?" एनेलेसीने विचारलं.

"खांदा," ताला म्हणाली. "डावा. पण मी खांद्यावर पडलेच नाही. हे सगळे उगाच पोट दाबत बसलेत."

एनेलेसीचा चेहरा तिथेच बदलला. कुशीत मार आणि कळ खांद्यात, म्हणजे आत रक्त सुटून वरच्या पडद्याला लागलेलं. तरुण डॉक्टर कालिरानींनी सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं आणि मान डोलावली. पाणथरी फाटली होती. पुस्तकात तिला प्लीहा म्हणतात. डाव्या बरगड्यांखाली दडलेली मुठीएवढी वस्तू. आमच्याकडे हिवतापाने पोरांची ती फुगलेलीच असते, म्हणून फुटतेही लवकर.

"थिएटर तयार करा, सिस्टर," डॉक्टर म्हणाले. "काढून टाकू. तासाभराचं काम."

"थांबा."

"आता काय थांबा? आत रक्त आहे."

"आहे ना. पण ते वाहतंय की थांबलंय, हे तुमच्या यंत्राला कळत नाही. आली तेव्हा नाडी एकशे चोवीस होती. सलाईन गेलं, आता एकशे आठ आहे. ब्लडप्रेशर टिकून आहे. पोट मऊ आहे. आणि पोरगी माझ्याशी भांडतेय. जाणारं पोर भांडत नाही, डॉक्टर."

"आणि आतडं फाटलं असेल तर? ते सोनोग्राफीत दिसत नाही."

"तर उद्यापर्यंत पोट कडक होईल, ताप चढेल. दर तासाला माझा हात तिथे असणार आहे. तुमच्या आधी मला कळेल."

"सिस्टर, न कापता सांभाळतात हे मलाही माहिती आहे. पण मोठ्या शहरात. तिथे स्कॅनची मशिनं असतात, वेगळा कक्ष असतो. इथे काय आहे?"

"इथे मी आहे."

कालिरानी वाईट माणूस नव्हता. ब्लांटायरच्या कॉलेजातून शिकून नुकताच आलेला, हात चांगला, मन साफ. इतक्या लांब एकट्याने जबाबदारी घेताना कोणीही घाबरेल. कापलं आणि पेशंट दगावला तर लोक म्हणतात, डॉक्टरांनी प्रयत्न केले. न कापता दगावला तर म्हणतात, बघत बसले. हा हिशोब त्याच्या डोक्यात होता आणि तो चुकीचाही नव्हता.

"पाणथरीवाचून माणूस जगतो," तो म्हणाला. "लस आहे, गोळ्या आहेत."

"कुठल्या फळीवर आहेत? चला, दाखवा मला. औषधाच्या खोलीत त्या गोळ्या शेवटच्या कधी आल्या होत्या? आणि हिचं गाव इथून चार तास चालत. पावसात ओढा चढला की दोन दिवस कोणी येत नाही. तिथे ताप आला की ती लस येणार आहे का ओढा पोहून?"

इतकं बोलताना तिचा आवाज चढला होता. वॉर्डातल्या बायका चपापल्या. त्यांना एनेलेसीचा राग माहीत होता, पण त्या रागाच्या मुळाशी काय आहे हे कोणालाच माहीत नव्हतं.

तिचा धाकटा भाऊ होता, इमानी. सायकलवर कोळशाची पोती लादून उतारावरून येताना हँडल पोटात घुसलं. एनेलेसी तेव्हा नर्सिंग शिकत होती. दुसऱ्याच एका दवाखान्यात त्याचं ऑपरेशन झालं, आणि बहीण म्हणून हट्ट करून ती आत उभी राहिली. सर्जनने पाणथरी काढून ट्रेमध्ये टाकली. तो ट्रे तिच्याच हातात होता. तिने तो बाहेर नेला आणि टाकायच्या बादलीत ओतला, आणि देवाचे आभार मानले. इमानीला गाणी म्हणत घरी आणलं. दोन पावसाळे तो ठणठणीत होता. तिसऱ्या पावसाळ्यात एका सकाळी त्याला थंडी वाजून ताप भरला. अशा तापाचं कोणी मनावर घेत नाही, घरोघरी असतो. उन्हं कलायच्या आत तो गेला. तापाशी लढणारी वस्तू आपणच बादलीत ओतली, हे एनेलेसीला पुढे पुस्तकात वाचून कळलं. सर्जनचं काही चुकलं नव्हतं, त्या काळी तेच करत. पण तिने स्वतःला कधी माफ केलं नाही, आणि त्या तापाला तर नाहीच नाही.

हे तिने त्या दिवशी कालिरानीला चार वाक्यांत सांगितलं. त्याने फळ्यावरचे आकडे पुन्हा वाचले.

"ठीक," तो म्हणाला. "पण ठरवून. नाडी एकशे तीसच्या वर गेली, वरचं प्रेशर नव्वदच्या खाली आलं किंवा पोट कडक झालं, यातलं एक जरी झालं, तर मी कापणार. तेव्हा तुमचा शब्द ऐकणार नाही."

"तेव्हा खाट मीच ढकलत आणेन," एनेलेसी म्हणाली. "आणि रक्ताच्या दोन पिशव्या आधी तयार ठेवायच्या."

मग सुरू झाली राखण. तोंडात पाण्याचा थेंब नाही, उठायचं नाही, बसायचं नाही, कुशीवर वळायचं तर एनेलेसीला विचारून. दोन दिवस ती घरी गेली नाही. दुसऱ्या नर्सची पाळी असायची तेव्हाही खुर्ची टाकून तिथेच बसायची. टेप फिरवताना डॉक्टर एकदा हसून म्हणाले, "सिस्टर, ही टेप पुस्तकांतून कधीच बाद झाली. रक्त साठलं तरी पोट लगेच वाढत नाही."

"माहितीये मला," ती म्हणाली. "टेप मला रक्त दाखवत नाही. टेप मला दर तासाला खाटेशी आणते. खाटेशी आलं की बाकीचं दिसतं."

डॉक्टर पुढे तिच्या टेपला हसले नाहीत.

तालाचं निजून राहणं म्हणजे शिक्षाच होती. "सिस्टर, तुम्हाला कोणी असं झोपवलं असतं तर?" ती विचारायची.

"मी चावले असते त्याला."

"मग मी चावू?"

"चाव. पण मान न उचलता."

दुसऱ्या दिवशी दुपारी बिझिवेकमामा आला आणि खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. त्याने फळा पाहिला, सलाईन पाहिलं, भाचीच्या सुकलेल्या ओठांकडे पाहिलं, आणि त्याचा तोल सुटला.

"दोन दिवस झाले! खायला नाही, प्यायला नाही, कापलं नाही, गोळी नाही. नुसता हात धरून बसलाय तुम्ही. पोरीला काय नवरीसारखं बघायला ठेवलंय? मी हिला घेऊन चाललो. डोंगरापल्याड एक जाणता आहे, तो निदान काहीतरी करतो तरी."

"कशावरून नेणार?"

"माझ्या सायकलवरून. आणली तशी."

"आणलीत ती जिवंत पोचली, तेच नवल. ती जखम आत्ता खपलीवर आहे, मामा. तुमच्या त्या रस्त्यावर पहिल्या खड्ड्यात सुटेल."

"हिचा मामा मी आहे. शब्द माझा चालतो."

"घरात चालतो. चला, तिची चादर गोळा करा." एवढं बोलून एनेलेसी शांतपणे वॉर्डाबाहेर पडली. मामाला वाटलं, बाई नमली. तो तालाची चादर गोळा करत राहिला. बाहेर येऊन बघतो तर सायकलची दोन्ही चाकं जमिनीला टेकलेली, आणि एनेलेसी ॲप्रनच्या खिशात दोन व्हॉल्व्ह टाकत उभी.

मामाने वाकून दोन्ही टायर दाबून पाहिले. सवारीवाल्याच्या सायकलला हात लावणं म्हणजे त्याच्या गालफडात मारण्यासारखंच. पेशंटांबरोबर आलेल्या बाया चुलीपाशी जेवण रांधत होत्या, त्या तोंडावर हात धरून हसू लागल्या.

"पोरगी बरी झाली की व्हॉल्व्ह मिळतील," एनेलेसी म्हणाली. "मोठ्या साहेबांकडे तक्रार करायची तर करा. चालत जायला दोन दिवस लागतील, तोवर तुमची भाची माझ्याकडे."

"तुम्ही... तुम्ही बाई आहात की कोण आहात?"

"रिकामे बसलाच आहात तर रक्त द्या. तुमचं जुळतं का बघू. एक पिशवी मिळालीये, दुसरी हवी."

"हवा काढलीत, आता रक्तही काढणार?"

"हो. आणि बिस्किटाचा पुडा देणार."

मामा तणतणत, शिव्या देत आत गेला. पण गेला. रक्त जुळलं. पिशवी भरत असताना त्याने डोळे घट्ट मिटले होते, आणि सुई निघाल्यावर त्याने हळूच विचारलं, "हे तिलाच मिळेल ना? नक्की?" एनेलेसीने पिशवीवर त्याच्यासमोर तालाचं नाव लिहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नाडी ब्याण्णव. रक्ताचं प्रमाण कालच्याइतकंच, एक टिंबही कमी नाही. डॉक्टरांनी दोन घोट पाण्याची परवानगी दिली. एनेलेसी अंघोळ करायला आणि दोन घास न्सिमा खायला घरी गेली. मक्याच्या पिठाचा गरम गोळा तिने अजून मोडलाही नव्हता, तोच झाडूवाला धापा टाकत दारात. "दिकिरानी, पोरगी!"

गोगोने चुलीवर पाणी तापवलं होतं. फडकं बुडवून, पिळून, वाफाळतं पोटावर ठेवून दोन्ही हातांनी दाबायचं, हा आमच्याकडचा शेक. बाळंतिणीला देतात, मुरगळलेल्याला देतात, मार लागलेल्याला तर देतातच. प्रत्येक गोगोच्या हातांना तो येतो. गेले तीन दिवस म्हातारी कोपऱ्यात बसून बघत होती की पोरीच्या दुखऱ्या पोटाला कोणी मायेने हात लावत नाही. वॉर्डात जरा सामसूम झाली तशी ती आली आणि तिने आपलं काम केलं. तिसऱ्या दाबाला ताला किंचाळली.

नाडी एकशे छत्तीस. वरचं प्रेशर अठ्ठ्याऐंशी. टेपवर मात्र फरक नाही.

गोगो पिळलेलं फडकं हातात धरून जमिनीवर बसली होती. "मी मारलं का ग तिला? मी मारलं का?"

एनेलेसीला आधी तिचा भयंकर राग आला, आणि मग त्याहून जास्त स्वतःचा. पाणी देऊ नका, खायला घालू नका, बसवू नका, सगळं तिने सांगितलं होतं. शेकू नका हे सांगितलंच नव्हतं. ते तिला सुचलंच नाही, कारण तिच्या स्वतःच्या घरात शेक हा पाण्याच्या घोटाइतका साधा होता. तीस वर्षं ती सगळ्यांना थांबा म्हणत आली होती आणि नेमकं इथेच विसरली होती.

"तुम्ही नाही, गोगो. मी चुकले," ती म्हणाली, आणि डॉक्टरांकडे वळली. "ठरल्याप्रमाणे. चला."

खाट तिनेच ढकलली. जाता जाता पहिली पिशवी लावली. थिएटरच्या दारात कालिरानी हात धुऊन उभे, दिवा लागलेला, हत्यारं मांडलेली. भूल देणारा मात्र जेवायला घरी गेला होता. त्याला आणायला माणूस धावला. वीस मिनिटं, फार तर पंचवीस.

ती वीस मिनिटं खाट दारातच होती. पहिली पिशवी संपली, मामाची लागली. मामा भिंतीशी उभा राहून स्वतःचंच रक्त नळीतून उतरताना बघत होता. एनेलेसीच्या बोटांखाली तालाचं मनगट. एकशे छत्तीस. एकशे एकतीस. तिने थांबा म्हटलं नाही. शब्द दिला होता, आणि तो मोडायची तिची तयारी नव्हती. एकशे चोवीस. डॉक्टरांनी तालाचं दुसरं मनगट धरलं. ताला छताकडे बघत पुटपुटली, "दोघं दोन हात धरून उभे, जणू मी पळून जाणारे."

एकशे सोळा. प्रेशर शंभर. डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला, चारी कोपरे चाचपले, पुन्हा चाचपले. अजून मऊ होतं.

तेवढ्यात भूल देणारा धावत आला, तोंड पुसत, बाह्या सारत. "चला, घेऊ या का?"

एनेलेसीने ओठ दाताखाली धरले. नजर मनगटावरून हलू दिली नाही.

"थांबा," डॉक्टर कालिरानी म्हणाले.

चाकू ट्रेमध्येच राहिला. खाट सहा तास त्या दारातच राहिली, ऑपरेशनचा दिवा सहा तास तसाच, आणि नाडी पुन्हा एकशे दहाच्या वर गेली नाही. बाराव्या दिवशी ताला घरी गेली, पाणथरीसकट. तीन महिने झाडावर चढायचं नाही, असं तिच्याकडून सगळ्यांसमोर वदवून घेतलं. मामाला व्हॉल्व्ह मिळाले. त्याने ते बसवले, हवा भरली, आणि ताला कॅरियरवर नको म्हणून भाड्याच्या गाडीतून नेली. सायकल रिकामीच मागून हाकत नेली.

पुढच्या पावसाळ्यात एनेलेसी निवृत्त झाली होती. मळ्याच्या टोकाशी घर, चार कोंबड्या, आणि सकाळी उठून मोजायला काही नाही. एका सकाळी झाडूवाला पुन्हा दारात. तालाला आणलंय, थंडी वाजून ताप भरलाय, चाळीस सेल्सिअसच्या वर. ओढा चढलेला होता, म्हणून दीड दिवस उशीर झाला.

एनेलेसीने कमरेला रोजचं चिटेंजेचं रंगीत कापड गुंडाळलं आणि पावसात चालू लागली. वॉर्डातल्या नव्या नर्सने तिला दारात अडवलं. "भेटीची वेळ चारला आहे, आजी. थांबा."

"मी थांबत नसते," एनेलेसी म्हणाली आणि आत गेली.

ताला तापाने बडबडत होती. इंजेक्शन चालू होतं. एनेलेसीने खुर्ची ओढली आणि दोन दिवस पोरीच्या तापाशी भांडत बसली. "ये," ती दातांतल्या दातांत म्हणायची. "ये की. इमानीच्या वेळी मी रिकाम्या हातांनी होते. आता बघू तुझी मिजास. हिच्या कुशीत तुझ्या उरावर बसणारी आहे, आणि ती मी ठेवलीये तिथे."

नवी नर्स डॉक्टरांना म्हणाली, म्हातारीला ताप चढलाय वाटतं. डॉक्टर कालिरानी म्हणाले, त्यांना बसू दे.

तिसऱ्या दिवशी दुपारी पावसाने उघडीप दिली आणि तालाच्या कपाळावर घाम सुटला. तिने डोळे उघडले, एनेलेसीकडे पाहिलं, आणि पहिलं वाक्य बोलली, "तुम्ही अजून इथेच? आंबे पिकलेत का बाहेर?"

एनेलेसीने पोरीच्या डाव्या बरगडीखाली हात सरकवला. तापाने फुगलेली, टणक पाणथरी बोटांना लागली. पस्तीस वर्षांपूर्वी बादलीत ओतलेली तीच वस्तू, कोणा दुसऱ्याच्या कुशीत, आपल्या जागी शाबूत. तिथे हात ठेवून ती भर दुपारी, भर वॉर्डात, हुंदके देऊन रडली, आणि कोणाचीही तिला थांबा म्हणायची छाती झाली नाही.